आधी कोण, की आधी कोणाला कळलं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच्या कुळातला टेबलावरचा कोणताही भूमिका-खेळ खेळणाऱ्याला विचारा, इनिशिएटिव्ह म्हणजे काय? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. लढाईला तोंड फुटलं की कोण किती चपळ आहे ते फाशाने ठरवायचं, त्यावरून पाळ्यांचा क्रम लावायचा. हा क्रम म्हणजे इनिशिएटिव्ह. आणि सरप्राइज? शत्रू बेसावध सापडला तर मिळणारी एक फुकटची पाळी. नवख्या गड्याला पाच मिनिटांत समजावता येतात म्हणून ही उत्तरं टिकली आहेत. मला ती दोन्ही उथळ वाटतात. ती खरी मानून नियम लिहिले गेले, म्हणूनच लढाईचा सगळ्यात थरारक क्षण, म्हणजे तिची सुरुवात, इतक्या टेबलांवर आकडेमोडीत विरून जातो.

माझं म्हणणं असं: इनिशिएटिव्हचा नियम वरवर वेगाचा दिसतो, पण त्याचा खरा विषय माहिती आहे. निर्णय घेताना कोणाला काय ठाऊक होतं, आणि घेतलेला निर्णय कोणाला फिरवता येतो, हे तो नियम ठरवतो. सरप्राइज हे त्याला मागून जोडलेलं शेपूट समजलं जातं. ते त्याचं मूळ आहे. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. फासा नेमकं काय मोजतो?

आज सर्वाधिक रुळलेली पद्धत २००० साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीची. लढाईच्या आरंभी प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा एकदाच टाकायचा, त्यात चपळाईचा आकडा मिळवायचा, मोठ्या बेरजेकडून छोट्या बेरजेकडे क्रम लावायचा, आणि तोच क्रम लढाई संपेपर्यंत फिरवत राहायचा. एक फेरी सहा सेकंदांची.

आता एका गड्याच्या चपळाईचा आकडा ५ आणि दुसऱ्याचा शून्य धरा. दोन फाशांच्या ४०० जोड्या होतात. त्यांपैकी २८० जोड्यांत चपळ गडी पुढे असतो, १५ जोड्यांत बरोबरी होते आणि १०५ जोड्यांत मंद गडी पुढे जातो. पाचाची आघाडी या खेळात चांगली भरभक्कम समजतात. तरीही चारांतल्या एकाहून जास्त लढायांत मंद माणूस आधी हलतो. हे वेगाचं मोजमाप असेल तर फारच ढिलं आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या क्रमाच्या आकारात आहे. क्रम गोल फिरतो. अ, मग ब, मग पुन्हा अ, पुन्हा ब. तिसऱ्या फेरीत अ हा ब-च्या आधी खेळतो असं म्हणायचं, की ब हा अ-च्या आधी? दोन्ही तितकंच खरं आहे. ‘आधी’ या शब्दाला फक्त पहिल्या फेरीत अर्थ उरतो, आणि इनिशिएटिव्ह जिंकण्याचा सगळा फायदा फार तर एका पाळीच्या आघाडीएवढा भरतो. सरप्राइजचा फायदाही हाच सांगितला जातो: एक जास्तीची पाळी. म्हणजे रूढ समजुतीप्रमाणे चाललं तर आपण एकच नियम दोन नावांनी दोनदा लिहिला आहे. असं होतं तेव्हा वर्गीकरणातच काहीतरी चुकलेलं असतं.

२. सहा सेकंदांत शिरलेली जास्तीची माहिती

फेरी सहा सेकंदांची, आणि त्या सहा सेकंदांत सगळे एकाच वेळी धडपडत आहेत, असं नियमपुस्तक सांगतं. टेबलावर मात्र एकाची पाळी पूर्ण होते, तिचा निकाल लागतो, आणि मग दुसरा विचार करायला लागतो. योद्ध्याच्या तलवारीने राक्षस पडला हे पाहिल्यावर जादूगार आपला अग्निगोळा दुसरीकडे वळवतो. त्याच सहा सेकंदांत चाललेल्या गोष्टीचा शेवट त्याला आधीच दिसला.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हातात चौथा पत्ता टाकणाऱ्याने तीन पत्ते पाहिलेले असतात. उतारी करणाऱ्याच्या हाती पुढाकार असतो, शेवटच्याच्या हाती माहिती. दोन वेगळी बळं आहेत ही, आणि पत्त्यांच्या खेळात त्यांची रस्सीखेच हीच खरी मजा असते. भूमिका-खेळाच्या रूढ इनिशिएटिव्हमध्ये ती रस्सीखेच कोणी जाणूनबुजून मांडलेली नाही. ती चोरपावलांनी आत आली आहे, म्हणून तिची किंमत कोणी मोजत नाही. सगळे ‘मोठा आकडा चांगला’ म्हणून टाळ्या वाजवतात.

३. आधी बोला, मग फासा टाका

जुन्या नियमांत ही किंमत मोजलेली होती. त्याच खेळाच्या १९८१ सालच्या बेसिक आणि एक्स्पर्ट या संचांत दर फेरीला दोन्ही बाजू एकेक सहा बाजूंचा फासा टाकत. पण मंत्र म्हणणाऱ्याने फासा पडण्याआधीच सांगून टाकायचं की मी मंत्र म्हणतोय, आणि कोणता. मग आपली बाजू फासा हरली आणि तेवढ्यात त्याला जखम झाली, तर मंत्र वाया.

या एका अटीने काय बदलतं पाहा. जादूगाराचा खेळाडू अंधारात हात घालतो. आपण आधी की ते आधी, हे त्याला माहीत नाही, तरी बांधून घ्यायचं आहे. तिरंदाज मागे ठेवायचा का, योद्धा मध्ये उभा करायचा का, ही सगळी आखणी त्या एका न कळण्याभोवती होते. ‘फासा टाका, मग ठरवा’ या क्रमात हे सगळं नाहीसं होतं, कारण ठरवताना धोका उरलेलाच नसतो. फाशाचा आकडा तोच, फक्त बोलणं त्याच्या अलीकडे की पलीकडे एवढाच फरक. आणि त्या फरकाने दोन निराळे खेळ तयार होतात. इनिशिएटिव्हचा विषय माहिती आहे, याला यापेक्षा उघड पुरावा मला दिसत नाही.

हे अधूनमधून कोणाकोणाच्या लक्षात आलेलं आहे. ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये दोन्ही बाजू पुढच्या हालचाली गुपचूप लिहून ठेवतात आणि मग एकेक करून उघडतात; तिथे भीती असते ती समोरच्याने काय लिहिलंय याची. २०१७ साली माइक मर्ल्स यांनी पाचव्या आवृत्तीसाठी एक प्रायोगिक नियम मांडला होता: आधी ठरवा काय करणार, त्या कामानुसार लहान-मोठा फासा उचला, आणि ज्याची बेरीज कमी तो आधी. तो मुख्य पुस्तकात आला नाही. मला तो आजही त्या आवृत्तीतला सर्वांत विचारी प्रयोग वाटतो.

४. गाफील: मराठीला आधीच ठाऊक असलेली गोष्ट

इंग्रजीतला ‘सरप्राइज’ हा शब्द घटनेचा आहे. काहीतरी अचानक घडतं. मराठीत आपण माणसाला ‘गाफील’ म्हणतो. हा शब्द घडलेल्या गोष्टीविषयी काही सांगत नाही, ज्याला ठाऊक नाही त्याच्याविषयी सांगतो. माणूस तासभर गाफील राहू शकतो आणि काहीच घडत नाही. आणि त्याला गाफीलपणातून बाहेर काढायला काहीतरी कळावं लागतं: आवाज, सावली, कोणाची तरी हाक. नियम लिहिणाऱ्याने हा शब्द समोर ठेवला असता तर बऱ्याच चुका टळल्या असत्या.

१९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या त्या तीन छोट्या पुस्तिकांत, विचार बराचसा असाच होता. तिसऱ्या पुस्तिकेत सरप्राइजची पहिली अटच ज्ञानाची आहे: निदान एका बाजूला दुसरीचा पत्ता नसेल तरच ते संभवतं, आणि उजेड, गोंगाट किंवा मन वाचण्याची शक्ती असेल तर ते उरत नाही. मग सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ आलं की ती बाजू गाफील. पुढचा परिणाम अंतरात मांडलेला आहे. एरवी गाठ पडते २० ते ८० फुटांवर, गाफील असाल तर १० ते ३० फुटांवर. हातातली वस्तू गळून पडण्याची शक्यताही २५ टक्के. म्हणजे उशिरा कळलं, म्हणून शत्रू जवळ आलेला दिसला, म्हणून हात थरथरला. एका अज्ञानातून तीन परिणाम ओळीने निघतात.

याचंही मूळ मागे आहे. प्रशियाच्या सैन्यासाठी धाकट्या राइसविट्झने १८२४ साली जो क्रीगश्पील हा युद्धखेळ मांडला, त्यात पंच दोन्ही पक्षांच्या मध्ये बसे, आणि जे सैन्याला खरोखर दिसलं असतं तेवढंच नकाशावर मांडे. एक पाळी दोन मिनिटांची. तिथे ‘गाफीलपणाचा नियम’ म्हणून फाशाची गरज नव्हती. नकाशावर शत्रूचा ठोकळा नाही, एवढं पुरे होतं. आजचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, ज्या खुर्चीत बसतो ती मुळात या पंचाची खुर्ची आहे, आणि तिचं पहिलं काम कोणाला काय दिसतं ते सांगण्याचं होतं.

५. अज्ञानाचं वेळेत रूपांतर केलं की काय होतं

नंतरच्या आवृत्त्यांनी अज्ञानाला वेळेच्या भाषेत ओतलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गाफील पात्राला पहिल्या पाळीत हलता येत नाही, काही करता येत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत प्रतिक्रियाही देता येत नाही. वरवर ठीक. पण असॅसिन हे पात्र घ्या, ज्याची सगळी कमाई गाफील शत्रूवर पडणाऱ्या पहिल्या घावात आहे. तो पडद्यामागे दबा धरून आहे, पहारेकरी पाठमोरा. इनिशिएटिव्ह टाकला आणि पहारेकऱ्याचा आकडा मोठा आला. त्याची पाळी येते, तो काही करत नाही, पाळी संपते, आणि त्या क्षणी तो गाफील राहत नाही. पडदा हललेला नाही. पात्याचा आवाज नाही. जगात काहीही घडलेलं नाही, तरी पहारेकऱ्याचं अज्ञान बरं झालं. फाशाने.

२०२४ च्या आवृत्तीने हे बदललं. आता गाफील पात्र इनिशिएटिव्हसाठी दोन फासे टाकतं आणि त्यातला लहान घेतं. यात मारक्या सरप्राइजची धार कमी करण्याचा हेतू स्पष्ट दिसतो, आणि तो हेतू वाईट नाही. पण हिशेब करा. दोघांची चपळाई सारखी धरली तर ज्याच्यावर छापा पडतोय तो छापा घालणाऱ्याच्या आधी हलतो, असं १०० पैकी जवळपास ३१ वेळा होतं. छापा घालणारा लपलेला असेल तर त्याला उलट सवलत मिळते, दोन फाशांतला मोठा घेता येतो. तरीही १५ वेळा गाफीलच आधी. त्या १५ वेळा टेबलावर काय होतं ते खेळणारे जाणतात. डीएम म्हणतो, “तुझी पाळी.” खेळाडू विचारतो, “मी काय करू? मला कुठे माहीत आहे काही?” आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

याच जागी एकदा आमच्या टेबलावर एका मुलीने शांतपणे सांगितलं होतं, “मी भाकरी खाते.” तिची पाळी होती, तिच्या पात्राला काहीच कळलेलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी नियमाशी प्रामाणिक राहिलेली ती एकटीच होती.

‘पाथफाइंडर’ या त्याच कुळातल्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने अर्धा रस्ता बरोबर कापला आहे. तिथे इनिशिएटिव्हसाठी साधारणपणे चपळाई न घेता पर्सेप्शन घेतात, म्हणजे निरीक्षण. लपून येणाऱ्यासाठी स्टेल्थ. आकड्याचा विषय माहिती आहे हे निदान मान्य केलं गेलं. पण शेवटी ते निरीक्षण पुन्हा त्याच गोल फिरणाऱ्या रांगेत उभं राहतं.

६. मग करायचं काय: पुलाखालचे सहा

एक प्रसंग नीट उलगडून पाहू. दगडी पूल, रात्र, मशाल घेऊन चाललेली चार पात्रं. पुलाखाली जाळं घेऊन सहा गॉब्लिन. सगळ्यात पुढे असलेल्या वाटाड्याला दगड सरकल्याचा आवाज आला. मागचे तिघे बोलत चाललेत.

रूढ नियमात दहा जणांचे आकडे लागतात आणि तिघांसमोर ‘गाफील’ असं लिहिलं जातं. वाटाड्या ओरडला, “खाली कोणीतरी आहे!” तर त्या हाकेने काय होतं? २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे काहीच नाही. गाफीलपणा ज्याच्या-त्याच्या पाळीनेच संपतो. ज्या माणसाला पुढे चालवलं तेच मुळी इतरांना सावध करायला, त्याच्या जागेपणाचा उपयोग फक्त त्याला स्वतःला. माझ्या मते रूढ समजुतीचा खोटेपणा इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

माहितीकडून सुरुवात केली तर प्रश्न असे पडतात. कोणाला ठाऊक आहे? सहा गॉब्लिनांना आणि वाटाड्याला. मग बोलायचं फक्त त्यांनीच. गॉब्लिन: जाळं टाकतो. वाटाड्याचा खेळाडू: हाक मारू की उडी मारून कठड्याला लागू? एकच निवडायचं. निवडून झालं की कळतं, खरी शर्यत एकच आहे: आधी हाक की आधी जाळं. फासा लागतो तो इथे, आणि एवढ्यासाठीच. हाक आधी पोहोचली तर मागचे तिघे गाफील राहत नाहीत आणि जाळ्याखालून सटकायची धडपड करू शकतात. जाळं आधी पडलं तर लढाई जाळ्यातून सुरू होते. दहा आकड्यांऐवजी दोन फासे, आणि हाक मारणं हे तलवारीइतकंच मोलाचं शस्त्र झालं.

एकदा सगळ्यांना कळलं की पुढे दर फेरीला नियम साधा ठेवावा: ज्याला कमी दिसतंय त्याने आपला बेत आधी सांगावा, ज्याला जास्त दिसतंय त्याने शेवटी. उंचावर चढलेला तिरंदाज सगळ्यांचे बेत ऐकून आपला ठरवतो, धुरात अडकलेला योद्धा आधी बोलून बांधला जातो. मग निकाल मात्र वेगाप्रमाणे लावायचा. चपळाईला तिची जागा मिळते, पण ती नंतरची. जमिनीवरची उंची, उजेड, धूर, दारातली फट या गोष्टी, ज्यांचं वर्णन डीएम घसा कोरडा करून करत असतो, त्यांना पहिल्यांदाच लढाईत किंमत येते.

७. आक्षेप

पहिला: हे फार निर्दय आहे. खरा गाफीलपणा खरा मानला तर एका छाप्यात सगळी मंडळी मरतील, आठ महिन्यांची मोहीम एका रात्रीत संपेल. भीती रास्त आहे, पण तिचं कारण दुसरीकडे आहे. जुन्या खेळात सरप्राइज एकटं येत नसे. बेसिक संचात सरप्राइजनंतर भेटलेल्या प्राण्यांची वृत्ती दोन फाशांवर ठरे; ते हल्ला करतील, थांबतील किंवा बोलतीलही. लढाई लागली तरी पुढे त्यांच्या धीराची परीक्षा होई आणि ते पळूनही जात. गाठ पडणं म्हणजे मारामारी, असं समीकरण तिथे नव्हतं. शिवाय दोन्ही बाजू वेगवेगळा फासा टाकत, त्यामुळे नऊपैकी चार वेळा एकच बाजू गाफील, एकदा दोन्ही. सरप्राइज घातक झालं ते या साखळीतून उपटून, प्रत्येक भेट ही मोजूनमापून आखलेली लढाई असते अशा खेळात त्याला रोवलं तेव्हा.

दुसरा: चपळ पात्र घेतलेल्याचं काय? त्याने आकड्यांवर खर्च केलेला असतो. याला उत्तर वर दिलंच आहे. दोन बेत एकमेकांना छेदतात तिथे चपळाई निकाल लावते, आणि अशा जागा दर फेरीला येतात. १९७८ चा रूनक्वेस्ट हत्याराची लांबी आणि शरीराची चपळाई यांवरून घाव कधी पडतो ते ठरवी, तो याच घराण्यातला. यावर जास्त थांबत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात बळकट आहे आणि त्याच्यापुढे मी अर्धा नमतो. पाळ्यांचा क्रम लढाईचं चित्र काढायला नाहीच मुळी, असं काही जण म्हणतात. तो पाच माणसांच्या गप्पांना शिस्त लावायला आहे. क्रम नसेल तर मोठ्या आवाजाचा गडी खेळ खाऊन टाकतो. हे खरं आहे. २०१२ चा ‘डंजन वर्ल्ड’ आणि २०२५ चा ‘डॅगरहार्ट’ यांनी इनिशिएटिव्ह काढूनच टाकला. अशा खेळांत डीएम सावध नसेल तर दोघेच बोलतात आणि तिघे मोबाइल बघतात, हे मी पाहिलेलं आहे. त्याच २०१२ सालच्या ‘मार्व्हल हिरोइक’ने तोडगा काढला तो आपल्या खो-खोसारखा: ज्याची खेळी झाली त्याने पुढच्याला खो द्यायचा, आणि फेरीत प्रत्येकाची पाळी आलीच पाहिजे. सुंदर नियम आहे. पण त्यातही कोणाला काय कळलंय याचा विचार नाही. बाहेरून खो मिळाला की गाफीलही उठतो.

मात्र हा आक्षेप घेणाऱ्याने एक कबूल केलेलंच असतं: फिरणारा क्रम वेग दाखवत नाही, तो बोलण्याची वाटणी करतो. तसं असेल तर बोलण्याची वाटणी आणि माहितीची वाटणी एकत्र करायला काय हरकत आहे? ‘कमी दिसणाऱ्याने आधी बोलायचं’ या नियमाचा एक परिणाम खेळता-खेळता माझ्या लक्षात आला, तो आधी सुचला नव्हता. बुजरे खेळाडू आपलं पात्र बहुधा रांगेत मागे ठेवतात, भिंतीला धरून, मशालीपासून लांब. त्यामुळे त्यांना सगळ्यात कमी दिसतं. आणि म्हणून डीएम सगळ्यात आधी त्यांच्याकडे वळून विचारतो, “तुला काय दिसतंय वाटतं? तू काय करतेस?”